सुटलं होतं, मोडलं नव्हतं

परवा संध्याकाळी शेजारची सून दारात आली. हातात पिशवी, चेहऱ्यावर माहेरी जाण्याचा आनंद. म्हणाली, "काकू, उद्या पहाटेच्या एस.टी.ने माहेरी जातेय. तेवढं दूध घेऊन ठेवाल का?"

"अगं, मध्येच कशी काय?"

"भावाने बोलावलंय. एक सही करायचीय म्हणे."

"कशावर?"

"ते काही मला माहीत नाही बाई. घराचंच काहीतरी असेल. दादा सांगेल तिथं करायची."

मी तिला आत बोलावलं, चहा टाकला आणि माजघरातल्या कपाटासमोर बसवलं. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकीला या कपाटाची गोष्ट मी सांगते. तिला जरा जास्तच सविस्तर सांगितली. मैत्रिणींनो, आज तीच तुम्हालाही सांगते.

माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. भाऊ, भावजय, मुलं वरच्या मजल्यावर चढली म्हणून वाचली. इकडे कऱ्हाडात बसून मी फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. ज्यांचं कुणी तिकडे होतं, त्यांना ते दिवस कसे गेले हे वेगळं सांगायला नको.

पंधरा दिवसांनी जाता आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घरोघरच्या दारात ढीग. भिजलेल्या गाद्या, फ्रीज, मुलांची दप्तरं, पाण्याने फुगून पदर सुटलेली प्लायवूडची शोकेसं. आमच्या दारातल्या ढिगात आईचं कपाट आडवं पडलं होतं. एक दार निखळलेलं, आरशाचा पारा गेलेला, मागचा एक पाय नाही, सगळ्या अंगावर चिखलाचा वाळलेला थर.

हे कपाट आजोबांनी १९६४ साली आईच्या लग्नात दिलेलं. सागवानी, पुरुषभर उंच, दोन दारांचं, खाली एक लांब खण. दार उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. २००५च्या पुरातही त्याच्या खालच्या खणात पाणी शिरलं होतं. तेव्हा आई होती. तिने खण बाहेर काढून महिनाभर पडवीत सावलीला ठेवला होता आणि उन्हात नेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ओरडली होती.

"हे मी नेऊ का?" मी विचारलं.

भावजय म्हणाली, "वन्सं, भंगारवाल्याला सांगितलंय. उद्या येतोय तो. आता काय उरलंय त्याच्यात?"

भाऊ फावड्याने चिखल ओढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, ने हवं तर. पण भाड्याचे पैसे फुकट जातील बघ."

त्या दोघांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. पंधरा दिवस चिखल उपसणाऱ्या माणसाला एका मोडक्या कपाटाचं काय! पण ते 'भंगार' माझ्या मनात जाऊन बसलं, कारण तिथे आधीचं एक दुखणं होतं.

वडील २००९ मध्ये गेले, आई २०१८ मध्ये. पुढच्या वर्षी भावाचा फोन आला, "ताई, एक सही लागेल." मी चांगली साडी नेसून गेले. निबंधकाच्या कार्यालयात दहा मिनिटं लागली. हक्कसोडपत्र होतं. मी ते वाचलं नाही. मला कुणी जबरदस्ती केली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. दुपारी गोडाधोडाचं जेवण झालं, भावजयीने ओटी भरली, संध्याकाळच्या गाडीने मी परत.

घर भावाला मिळालं याचं मला दुःख नव्हतं. आईवडिलांचं सगळं त्यानेच केलं. पण मला न विचारता मी दिलं, आणि काय दिलं हे न मोजता दिलं. आईचं कपाट, तिचं शिवणाचं मशीन, तिची पितळेची भांडी, यांचा विषयसुद्धा निघाला नाही. मीही काढला नाही. मागायचं असतं, हेच मला सुचलं नाही. दोन वर्षं मी भावाशी फोनवर मोजकंच बोलत होते. कारण विचारलं असतं तर मला नीट सांगताही आलं नसतं.

तर कपाट टेम्पोत घालून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला आणलं. भाडं साडेचार हजार. आमच्या ह्यांनी लगेच हिशोब मांडला, "नवं लोखंडी कपाट बारा हजारात येतं. याच्या दुरुस्तीला त्याहून जास्त लागतील." हिशोब चुकीचा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "माझ्या शिकवणीच्या पैशातून करतेय."

आमच्या गल्लीच्या टोकाला एका सुतारमामांचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढे. पुढे पत्र्याची शेड, पायाखाली भुश्शाचा गालिचा, कोपऱ्यात रेडिओ. मामांनी कपाटाभोवती दोन चकरा मारल्या. नखाने चिखल खरवडला. मग एक दाभण घेऊन जागोजागी टोचून पाहिलं. मी श्वास रोखून उभी. जरा वेळाने ते म्हणाले, "बाई, ह्ये मोडल्यालं न्हाई. सुटल्यालं हाय."

मला फरक कळला नाही. त्यांनी निखळलेली दाराची चौकट हातात घेऊन दाखवली. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढलेली, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खाच. कुसू खाचेत बसवायचं, सरस लावायचा आणि आडवी बांबूची खुंटी ठोकायची. जुन्या कपाटात खिळे फारसे नसतातच. हा सरस जनावरांच्या कातड्याचा नि हाडांचा, पाण्यात विरघळणारा. पुराच्या पाण्यात तो विरघळला आणि सांधे सुटे झाले. पण कुसवं शाबूत होती. मामा म्हणाले, "फळी मोडली तर फळी बदलाया लागती. सांधा सुटला तर निस्ता परत बशिवायचा."

मी उत्साहाने विचारलं, "मग गच्चीत उन्हात टाकू का चार दिवस?" आपल्याला पापड-कुरडयांची सवय ना! मामा हसले. भिजलेलं लाकूड उन्हात टाकलं की वरून झटकन वाळून आकसतं, आत ओलंच राहतं, आणि त्या ओढाताणीत त्याला चीर जाते. आई २००५ मध्ये का ओरडत होती, ते मला सोळा वर्षांनी समजलं. मामांनी फळ्यांच्या मध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या ठेवल्या, म्हणजे सगळीकडून वारा लागेल, आणि सहा आठवडे कपाटाला हात लावला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी काम सुरू झालं. मी शिकवणी संपली की रोज जाऊन बसायची. पहिल्या दिवशी मामांनी एकही गोष्ट दुरुस्त केली नाही. त्यांनी कपाट पूर्ण सुटं केलं. जे सांधे अजून धरून होते, त्यांना गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक दिला. खुंट्या अलगद ठोकून बाहेर काढल्या. सगळे तुकडे गोणपाटावर ओळीने मांडले, खडूने प्रत्येकावर आकडा घातला. मी मोजले, बेचाळीस.

तेव्हा एक गंमत दिसली. एका कुसवाच्या बाजूला पटाशीने मारलेली एक बारीक रेघ होती आणि त्याच्या खाचेपाशीही तशीच एक रेघ. दुसऱ्या जोडीवर दोन-दोन, तिसऱ्या जोडीवर तीन-तीन. ज्या कारागिराने १९६४ मध्ये कपाट घडवलं, त्यानेही आधी मोजून, खुणा करूनच जोडलं होतं.

मग मामांनी तीन वाटे केले. राहणारे, दुरुस्त होणारे, जाणारे. राहणारे एकतीस. दुरुस्तीचे सहा. जाणारे पाच. ते पाच म्हणजे पाठीमागच्या आंब्याच्या फळ्या आणि खणाचा तळ. अंगठ्याने दाबलं की पीठ पडायचं. आंब्याचं लाकूड किडीला फार आवडतं. सागाच्या गाभ्यात तेल असतं म्हणून कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मात्र सागाचा सालीजवळचा पांढरा भाग असेल तर त्यालाही पोखरते. आमच्या एका पट्टीची तेवढीच कड गेली होती.

मैत्रिणींनो, ढिगात पडलेलं कपाट बघून मला वाटलं होतं, सगळंच गेलं. मोजलं तेव्हा कळलं, बेचाळीसपैकी पाच तुकडे गेले होते.

पाय नवा करताना मामांनी पाडलेल्या एका वाड्याच्या चौकटीचं जुनं सागवान वापरलं. नवं लाकूड अजून हलतं, जुनं हलून हलून बसलेलं असतं म्हणाले. सरस त्यांनी पुन्हा तोच वापरला. एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, उकळी येऊ न देता पातळ केलेला. वास काही विचारू नका! मी म्हटलं, "मामा, बाजारात मिळतो तो पांढरा गम का लावत नाही? पाण्याने सुटायचा नाही चटकन." त्यांचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय, "सुटाया पायजे बाई. फुडं कुनाला तरी हुगडावं लागंल. त्यानं काय, फोडायचं व्हय?"

चौकट जुळवून शिकंज्यात आवळली की ते दोरीने तिरकं माप घ्यायचे. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात, नाही तर कुठेतरी कलली आहे. आणि दाराच्या मधली फळी? तिला सरसाचा एक थेंब लावला नाही. नुसती खाचेत सरकवली. पावसाळ्यात आपली दारं घट्ट होतात आणि उन्हाळ्यात सहज लागतात, ते लाकूड रुंदीला फुगतं नि आकसतं म्हणूनच. फळी चिकटवून टाकली तर तिला हलायला जागा राहत नाही आणि मग ती तडकते.

दुकानाच्या मागच्या बाजूला आणखी एकजण काम करायची. मामांची सून. पहिले काही दिवस मला ती दिसलीच नाही, कारण ती पुढे यायचीच नाही. पॉलिश पेपरने घासायचं काम तिचं. आधी जाड, मग बारीक, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आणि पॉलिशही तिचंच. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची पुडी मऊ फडक्यात बांधायची आणि लाखेचा पातळ हात फिरवायचा. तो वाळला की पुन्हा. पुन्हा घासायचं, पुन्हा हात. हवा दमट असेल त्या दिवशी ती पॉलिशला हात लावायची नाही, लाखेवर पांढुरका धूर धरतो म्हणून. तिने आमच्या कपाटावर अकरा दिवस काम केलं. मी मोजले होते. एव्हाना मला मोजायची सवय लागली होती.

दिवाळीच्या आठवडाभर आधी कपाट तयार झालं. मामांनी चिठ्ठी दिली. त्यावर एकच ओळ, 'कपाट दुरुस्ती, अठरा हजार.'

मी विचारलं, "मामा, यात सूनबाईंचे किती?"

ते गोंधळले. "तिचं काय? घरचंच हाय की. मदत करती."

"अकरा दिवस, मामा."

त्यांना राग आला नाही. ते खरंच विचारात पडले, कारण हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलाच नव्हता. थोड्या वेळाने चिठ्ठी परत घेऊन त्यांनी तीन ओळी केल्या. लाकूड-सामान, सुतारकाम, पॉलिश. पॉलिशपुढे पाच हजार लिहिले. ते पाच हजार मी तिच्या हातात दिले. तिने ओल्या फडक्याला हात पुसून नोटा मोजल्या. मग आणखी एकदा मोजल्या.

घरी येताना मनात आलं, आपल्या बायकांचं हेच होतं. काम 'मदत' म्हणून जातं आणि वस्तू 'भंगार' म्हणून जाते. वाईट माणसं असतात म्हणून असं होतं, असं नाही. मोजायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आपण लक्षात आणून देत नाही.

कायद्याने मात्र बरंच मोजून ठेवलंय. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आईच्या स्वतःच्या वस्तूंतही तसंच, मुलगे, मुली आणि पती यांना सारखा. स्त्रीधन हे फक्त त्या स्त्रीचं, सासरकडे ते नुसतं सांभाळायला असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलं. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५च्या दुरुस्तीने देशभर मुलीला मुलाप्रमाणे जन्मानेच हक्क मिळाला, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. कायदा इथपर्यंत आलाय. आपण अजून 'दादा सांगेल तिथं' उभ्या आहोत.

भावाशी भांडा, असं मी म्हणत नाही. द्यायचं असेल तर खुशाल द्या, मीही दिलंच. पण मोजून द्या. मोजून दिलं तर ते देणं असतं. न मोजता गेलं ते नुसतं जातं, घेणाऱ्यालाही त्याची किंमत कळत नाही. हिशोब विचारला म्हणून काहींचं माहेर खरंच तुटलंय, हे मला माहीत आहे. त्यांना उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण न विचारल्यानेही आत काहीतरी सुटतं, हे मी दोन वर्षं अनुभवलंय.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवते. एक, वही घ्या आणि घरात तुमच्या नावाचं, तुमच्या माहेरचं, तुमच्या पैशाचं काय काय आहे ते लिहून काढा. वस्तू, कुणी दिली, कुठल्या वर्षी. पाटा-वरवंट्यापासून पाटल्यांपर्यंत. फोटो काढून ठेवा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचा, नाही कळला तर एक दिवस मागून घ्या आणि जाणत्याला दाखवा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर फिरवणं फार अवघड असतं.

दुसरी गोष्ट, जुनं लाकडी सामान भंगारात देण्याआधी एकदा दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड गेलंय. अडलं तर जीव आहे. डुगडुगत्या सांध्यात खिळा ठोकू नका, त्याने कुसू फाटतं आणि सुटलेलं खरोखरच मोडतं. जुन्या पॉलिशवर ऑइलपेंट फासू नका. आणि दुरुस्ती सगळ्याचीच करायची नसते. पीठ झालेल्या फळ्या मीही टाकल्याच.

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला. कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला. दार उघडून लावून पाहिलं. "किती लागले, ताई?" मी सांगितले. म्हणाला, "निम्मे मी देतो."

"नको. हे माझं आहे."

आणि मग, ओवाळणीचं ताट हातात असतानाच, मी त्याला त्या सहीचं बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू खुशीने केलीस."

"खुशीनेच केली रे. पण तू विचारायचं होतंस. आणि मी वाचायचं होतं."

पुढे काही बोलणं झालं नाही. जेवायला मात्र तो दोन दिवस राहिला. जाताना आईचं शिवणाचं मशीन माळ्यावर आहे, ते पुढच्या खेपेला आणतो म्हणाला, आणि आणलंही.

हे सगळं ऐकून शेजारची सून थोडा वेळ काही बोलली नाही. चहा गार झाला होता. कपाटाच्या दारावर एकदा हात फिरवून ती उठली आणि म्हणाली, "काकू, एखादी जुनी वही आहे का? नि पेन?"

दिली. दूधही घेऊन ठेवलंय. ती अजून आलेली नाही. सही केली की नाही, हे मी तिला विचारणार नाही. वाचून केली का, एवढंच विचारेन.